वाफमावशी आणि कांद्याचा पिवळा

"भांडं तापलं की आपण थंड व्हायचं," असं वाफमावशी म्हणत. दिवसातून चार वेळा तरी म्हणत, आणि म्हणताना बहुतेक वेळा स्वतःच तापलेल्या असत.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या अगदी टोकाला, भांडी धुण्याच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. एक खिडकी, एक लोखंडी टेबल, एक स्टूल आणि मधोमध ते वाफेचं भांडं. वरचे लोक त्याला ऑटोक्लेव्ह म्हणत. उभं वासरू आत मावेल एवढं पिंप, वर जाड झाकण, झाकणाला सहा फिरक्या आणि एक काटा. काटा लाल रेघेला टेकला की मावशी स्टुलावर बसत आणि आल्यागेल्याला बोटाने गप्प करत, जणू आत कुणी झोपलं आहे.

वरच्या मजल्यांवर जाणारी प्रत्येक वस्तू या भांड्यातून जाई. काचेचे फ्लास्क, कापसाचे बोळे, जिवाणूंना खायला घालायचा तो पातळ, फिकट रस्सा. वाफेत सगळं निर्जंतुक झालं की मग ते वर जाई आणि तिथे शिकलेली माणसं त्यात हवे तेवढे जिवाणू सोडत. त्यांचं काम झालं की तेच फ्लास्क गढूळ होऊन खाली येत आणि मावशी त्यांना पुन्हा वाफ देऊन मारत. "माझ्या हातूनच वर जातात आणि माझ्याच हातून जातात," असं त्या म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही जड होई की नवा माणूस दोन पावलं मागे सरके.

सतरा वर्षं त्यांनी हे केलं. "सतरा वर्षांत माझा एक फ्लास्क नासला नाही," हा त्यांचा अभिमान. आता, नासले होते काही. पण प्रत्येक वेळी कुणीतरी बोळा नीट बसवलेला नव्हता, कुणी शिंकलं होतं, कुणाची बांगडी आत लागली होती. चौकशी मावशीच करत आणि निकालही मावशीच देत, त्यामुळे त्यांच्यावर एकही गुन्हा शाबीत झालेला नव्हता.

या सतरा वर्षांत त्यांची नेमणूक मात्र दर वर्षी नव्याने होई. वर्ष सरलं की एक कागद येई, मावशी सही करत, आणि आणखी एका वर्षापुरत्या त्या संस्थेच्या होत. शेतात दर हंगामाला नवी पेरणी करावी तसं. फरक एवढाच, की शेताला निदान आपण कुणाचं आहोत ते माहीत असतं.

वरच्या मजल्यावर सर होते. विभागाचे प्रमुख. समोर एक माणूस असला तरी शंभर माणसांसमोर बोलल्यासारखं बोलत. जिन्यातून उतरतानाही ते सभागृहात शिरल्यासारखे उतरत. त्यांचं संशोधन कांद्याच्या सालीतल्या पिवळ्या रंगावर चाललं होतं. ते काय होतं हे मावशींना सरांकडून कधीच कळलं नाही, कारण सर त्यांना सांगत नसत. सांगितलं ते थीसिसवालीने.

थीसिसवाली म्हणजे सरांच्या हाताखाली पाच वर्षं पीएचडीचा प्रबंध लिहीत असलेली तिशीतली मुलगी. दुपारी डबा घेऊन ती मावशींच्या खोलीत येई, कारण संस्थेत तेवढीच एक खोली उबदार होती आणि तिथे सर येत नसत.

"मावशी, सालीतून काढलेली ती पिवळी भुकटी पाण्यात विरघळत नाही," ती सांगे. "वाळूसारखी तळाशी बसते. म्हणून त्याने कापड रंगवायचं तर उग्र रसायनं लागतात. पण झाडाच्या अंगात मात्र तोच रंग रसातून वाहत असतो. कसा?"

"मला विचारतेस? पगार तुला, उत्तर मी द्यायचं?"

"झाड रंगाच्या कणाला साखरेचा एक कण जोडतं. साखर जोडली की तो पाण्यात विरघळतो. झाडाचं हे कौशल्य आम्ही जिवाणूच्या अंगात घातलंय. त्याला रंग द्यायचा, साखर द्यायची. तो थोडी साखर खाणार, थोडी रंगाला चिकटवणार."

मावशींनी विचार केला. "उबदार खोली, वेळेवर साखर, दिवसरात्र झुलवायचं, आणि काम करायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. जिवाणू कसला, जावईच आहे तो!"

"दोन वर्षं झाली, अजून काही करत नाहीये."

"मग नक्कीच जावई."

खरोखरच दोन वर्षं काही झालं नव्हतं. फ्लास्कातलं पाणी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालायचं, न विरघळलेली भुकटी तळाशी बसवायची आणि वरचं पाणी पिवळं दिसतंय का ते पाहायचं, अशी परीक्षा होती. वरचं पाणी फिकट ते फिकटच. सर त्या काळात जिन्यातून सामान्य माणसासारखे उतरत.

मग एका सकाळी ते स्वतः तळमजल्यावर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, एका रश्श्यासाठी भांडं दोनदा का लावता?"

"साखर वेगळी उकळते सर, रस्सा वेगळा. थंड झाल्यावर एकत्र करते. माझ्या आधी इथे जे बाबा होते त्यांनी शिकवलंय. ही दोघं एकत्र शिजवायची नाहीत."

"का?"

"ते बाबांनी सांगितलं नाही. शिजवायची नाहीत एवढंच सांगितलं."

सर हसले. कारण माहीत नसलेल्या माणसासमोर हसण्याची त्यांना सवय होती. "मावशी, ती शाळेतली पोरं आहेत का, एकत्र ठेवली की भांडतील? वेळ जातो, वीज जाते. एकत्र घाला. आणि तो तुलनेचा फ्लास्क, कंट्रोल, त्यात जिवाणू नसतातच ना? मग साखर खाणार कोण? त्यात घालूच नका."

मावशींनी मान डोलावली. आपल्याला काय. त्या दिवसापासून साखर आणि रस्सा एकाच फ्लास्कमध्ये, एकाच वाफेत शिजू लागले, आणि कंट्रोलच्या फ्लास्कला साखरेवाचून राहावं लागलं.

महिन्याभरात पिवळा आला.

काय पिवळा! वरचं पाणी मधासारखं. शेजारी कंट्रोल बिचारा फिकट, पाऊस धुऊन गेलेल्या आभाळासारखा. रंग मोजणाऱ्या यंत्राने आकडा दाखवला, सरांनी तो आकडा दोनदा वाचला आणि मग सगळ्या बोळात ऐकू जाईल असा तिसऱ्यांदा वाचला. फ्लास्क हातात धरलेला सरांचा फोटो जिन्यात लागला. फोटोत फ्लास्कवर उजेड पडला होता आणि सर फ्लास्ककडे असे पाहत होते, जसं बाप मुलाकडे पाहतो; आईचा फोटोत पत्ता नव्हता. लांबून लोक येत, पिवळा पाहत, माना हलवत. माना हलवण्यासाठी लोक लांबून येतात, हे शिक्षणाचं एक लक्षणच आहे.

एकटी थीसिसवाली खूश नव्हती. तिच्याकडे काचेची पांढरी पट्टी होती. तिच्यावर थेंब टाकून खालची कड द्रावणात बुडवली की रंग वर चढत जातो आणि साखर जोडलेला रंग वेगळ्या जागी थांबून वेगळा डाग उमटतो. तिला तो डाग दिसत नव्हता. दिसत होता तो खालपासून वरपर्यंत फरफटत गेलेला एक मळकट पट्टा.

सर म्हणाले, "यंत्र पिवळं म्हणतंय, मी पिवळं म्हणतोय, तुझी पट्टी एकटीच नाही म्हणतेय. कुणाचं पारडं जड आहे ते तूच ठरव."

तिने ठरवलं नाही. जिवाणूंना थोड्या थंड खोलीत, सावकाश वाढवून बघू लागली आणि दुपारी डबा उघडून तसाच बंद करू लागली.

अशी दीड वर्षं गेल्यावर सरांनी मावशींना वर बोलावलं. बसायला सांगितलं, म्हणजे काहीतरी होतं.

"मोठी पाहणी येणार आहे. पुढची पाच वर्षं आपला विभाग चालतो की नाही ते ठरवायला. ती नीट पार पडली की तुमचं कायम नेमणुकीचं पत्र. मी शब्द देतो."

सत्तावन्न वय झालं की कायम करता येत नाही असा नियम होता, आणि मावशींना सत्तावन्न व्हायला चार महिने उरले होते. हे पत्र आत्ता मिळालं तर मिळालं. नाहीतर दर वर्षीचा तो कागद, आणि एखाद्या वर्षी तोही नाही.

मावशींचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांचं. घरी मालक होते, म्हणजे मावशींचा नवरा. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. रस्त्यावरची निम्मी अक्षरं त्यांची. हात असा, की पट्टीशिवाय रेघ सरळ येई. गेल्या दोन वर्षांत तो हात कापू लागला होता. कपातला चहा बशीत आणि बशीतला लेंग्यावर. काम सुटलं, पण डोळा शाबूत होता, आणि जीभ तर नव्याने धार लावल्यासारखी. आता घर चालत होतं ते मावशींच्या वाफेवर. आजारपण आलं तर कायम नोकरांना औषधपाणी मिळे, त्यांच्या घरच्यांनाही. त्या कापऱ्या हाताला दाखवायला डॉक्टर हवा होता, आणि डॉक्टरापर्यंत जाणारा रस्ता त्या पत्रावरून जात होता.

पिवळ्याच्या बढाया मावशींनी घरी दीड वर्ष मारल्या होत्या. "जगाचा पिवळा माझ्या भांड्यात शिजतोय, कळलं का?" पत्राचं कळल्यावर तर त्यांना राहवेना. वाफ देऊन मारलेलं, टाकून द्यायचं थोडं पिवळं पाणी त्यांनी एका लहान बाटलीत भरून घरी आणलं.

"बघा. तुमच्या चाळीस वर्षांत असा रंग बघितला होतात का?"

मालकांनी बाटली खिडकीजवळ धरली. हात कापत होता म्हणून कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकवलं. एक डोळा मिटला. पांढऱ्या चिंधीवर थेंब सोडला, फुंकर घातली, नळाखाली धरलं. चिंधी पांढरी झाली.

"हा रंग नव्हे," ते म्हणाले.

"मग काय आहे?"

"चहा आहे."

"अहो, यंत्राने सांगितलंय!"

"यंत्राने पाट्या रंगवल्यात का कधी? कांद्याच्या सालीचा पिवळा मला माहितेय, तो हिरव्याकडे झुकतो. हा तपकिरीकडे झुकलाय. अगं, तुझी साखर करपलीय."

बाकी काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं. मावशींच्या भांड्यात काही करपलं, असं त्यांच्या तोंडावर म्हणणारा अजून जन्माला यायचा होता. आणि तो चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच पसंत करून घरात आणलेला निघाला. चार दिवस बोलणं बंद. घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून दोघं मांजराशी बोलत.

"सांग तुझ्या मालकाला, जेवण झाकून ठेवलंय."

"विचार तुझ्या मालकिणीला, करपलेलं तर नाही ना?"

पाचव्या दिवशी मावशी नेहमीपेक्षा तासभर आधी कामाला गेल्या. बोळात कुणी नव्हतं. त्यांनी दोन फ्लास्क घेतले. दोन्हींत तोच रस्सा, तेवढीच साखर. एकात साखर रश्श्यातच घालून शिजवली. दुसऱ्यात बाबांनी शिकवल्यासारखी साखर वेगळी उकळून मागून ओतली. जिवाणू नाही, कांद्याची भुकटी नाही, सर नाहीत. काटा लाल रेघेला टेकला, उतरला. मावशींनी फिरक्या सोडल्या.

पहिला फ्लास्क मधासारखा. दुसरा फिकट.

मावशी स्टुलावर बसल्या. जगाचा पिवळा म्हणून ज्याचा फोटो जिन्यात लागला होता, तो त्यांनी आत्ता जिवाणूंवाचून, रंगावाचून, नुसत्या वाफेवर काढला होता. रस्सा आणि साखर एकत्र तापली की पिवळी पडते, एवढंच बाबांना सांगायचं होतं, आणि त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. कंट्रोलला साखरच नव्हती, म्हणून तो एकटा गोरा राहिला. मावशींना पहिला राग आला तो सरांचा नाही. पहिला राग आला नवऱ्याचा, कारण तो बरोबर होता.

थीसिसवाली दुपारी आली. मावशींनी दोन्ही फ्लास्क तिच्यापुढे ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. ती आधी हसली, मग हसता हसता भिंतीला टेकली.

"दीड वर्ष, मावशी. दीड वर्ष मी माझ्या पट्टीला शिव्या देतेय. त्या करपलेल्या साखरेच्या पट्ट्याखाली खरा डाग असेल तरी दिसणार कसा?"

"असेल?"

"माहीत नाही. साखर वेगळी उकळून द्या, मग कळेल."

मावशी वर गेल्या आणि सरांना जे पाहिलं ते सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच सवयीने परत चढला. हे त्यांना त्या क्षणी कळलं, की त्याआधी केव्हातरी कळून चुकलं होतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मावशी, तुमचं काम वाफ. आमचं काम विज्ञान. परवा पाहणी आहे. पत्र टाइप होऊन आलंय, फक्त सही राहिलीय. नेहमीसारखंच करा. काही नवं करू नका."

संध्याकाळी मावशींनी मांजराला वगळून थेट नवऱ्याला सांगितलं. "तुमचं बरोबर होतं."

मालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग गंभीर झाले. "पत्र घे. पिवळा त्यांचा, पत्र आपलं. मी चाळीस वर्षं 'ताजा माल' असं लिहिलं. दुकानात जाऊन माल कधी बघितला नाही."

"तुम्ही पाटी रंगवलीत. मी माल शिजवते."

"मग त्या फ्लास्कवर तुझं नाव लिहिलंय का कुठे?"

नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण वर गेलेला प्रत्येक फ्लास्क आपलाच आहे असं मावशी समजत होत्या, आणि इतकी वर्षं समजलेली गोष्ट एका संध्याकाळीत उतरवून ठेवता येत नाही. समोर नवऱ्याचा हात मांडीवर पडून आपला आपणच कापत होता. मावशींनी तो बघितला. बराच वेळ बघितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहणीचे फ्लास्क तयार केले. सरांच्या सांगण्याप्रमाणे एकात साखर आणि रस्सा एकत्र शिजवला. कंट्रोलचा फ्लास्क हातात घेतला आणि त्यातही तेवढीच साखर घातली. न्याय म्हणून घातली. एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवून दोघांची अंगकाठी मोजायची, हे त्यांना कुठल्याही घरात पटलं नसतं. मग आणखी एक तिसरा फ्लास्क केला, जुन्या पद्धतीने, साखर वेगळी उकळून. हे सगळं त्यांनी थीसिसवालीच्या हातात दिलं आणि कोणत्यात काय आहे ते मोजक्या शब्दांत सांगितलं.

ती म्हणाली, "मावशी, तुमचं पत्र…"

"तू जिवाणू सोड. पत्राचं मी बघते."

पाहणीला ठेंगणी, खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक वयस्कर बाई आली. सोबत दोन माणसं होती, पण ती दोघं बाईंनी मान हलवली की मान हलवत, म्हणून त्यांना मोजायचं कारण नाही. सर वरच्या प्रयोगशाळेत उभे होते. खिडकीतून ऊन येत होतं, तेही सरांनी बोलावल्यासारखं. टेबलावर फ्लास्क होते. पाहुण्या बाईंनी आधी फोटो पाहिला होता आणि आता खरा पिवळा पाहायला आल्या होत्या.

"हा जिवाणूंचा," सरांनी फ्लास्क उचलला. मध. "आणि हा…" त्यांनी न बघताच दुसरा उचलला. दीड वर्षाच्या सवयीने हात आपोआप गेला. "…हा कंट्रोल."

दुसराही मध.

सर दोन्ही हातांत दोन सारखे फ्लास्क घेऊन उभे राहिले, आरशासमोर उभे राहिल्यासारखे. सोबतच्या दोन माणसांनी मान हलवायची की नाही हे पाहण्यासाठी बाईंकडे बघितलं.

"यात जिवाणू नाहीत?" बाईंनी विचारलं.

"नाहीत. म्हणजे, काहीतरी… मिसळलं असावं."

बाईंनी बोळा काढला आणि हुंगलं. "रस्सा कोण तयार करतं?"

मावशींना खालून बोलावलं. त्या ओले हात पुसत आल्या. बाईंनी विचारलं तसं त्यांनी सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. एकत्र शिजवलेली साखर पिवळी पडते. कंट्रोलला आजवर साखर नसे, आज घातली. तिसऱ्या फ्लास्कात साखर वेगळी उकळलीय.

तिसरा फ्लास्क फिकट होता. सगळ्यांनी पाहिला आणि कुणाला त्यात पाहण्यासारखं काही दिसलं नाही. तेव्हा थीसिसवालीने आपली काचेची पट्टी पुढे केली. आज पट्टा नव्हता. पट्टी स्वच्छ होती, आणि मधल्या उंचीवर, पिनेच्या टोकाने टेकवावा एवढासा, हिरव्याकडे झुकलेला पिवळा डाग होता.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून पट्टी डोळ्यांशी नेली. "जोडलीय. थोडीच जोडलीय, पण साखर जोडलीय." मग थीसिसवालीकडे वळून म्हणाल्या, "एवढंच लिही. याहून मोठं लिहू नकोस."

पाहुणे जेवायला गेले. सरांनी मावशींना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. टेबलावर दोन कागद होते. एक कायम नेमणुकीचं पत्र, आणि त्यावर सरांची सही ओली होती. दुसरा कागद हाताने लिहिलेला.

"बसा मावशी. हे तुमचं पत्र. आणि हे एवढं सही करा. म्हणजे मला बाईंना दाखवता येईल, की आज गोंधळ झाला, पुन्हा सहा महिन्यांनी या."

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "कंट्रोलच्या फ्लास्कमध्ये माझ्या हातून चुकून साखर पडली. साखर वेगळी शिजवण्याबद्दल मी जे बोलले, ते गैरसमजातून बोलले."

"चुकून?" मावशी म्हणाल्या.

"नुसता शब्द आहे."

"मी मोजून घातलीय, सर."

"मावशी, कुणालाही तुमच्यावर कारवाई करायची नाही. उलट तुम्ही कायम होताय! विज्ञानात चुका होतातच."

"तुमच्यात होत असतील. सतरा वर्षांत माझा एक फ्लास्क…"

"नासले होते हो मावशी!" सरांचा आवाज पहिल्यांदा एका माणसाशी बोलण्याएवढा लहान झाला. "मला माहितेय. सगळ्यांना माहितेय. आणखी एक नासला असं लिहून द्यायला काय जातंय?"

मावशींचा चेहरा लाल झाला. हे बोलणं खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. नासले होते. शिंकणारे आणि बांगडीवाले यांच्यावर त्यांनी ते खपवले होते. पण हा, हा एक फ्लास्क त्यांच्या सगळ्या आयुष्यात सगळ्यात नेमका झाला होता, आणि नेमका हाच चुकला असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं होतं. त्यांनी डावीकडचं पत्र बघितलं. त्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं, हजेरीच्या वहीबाहेर पहिल्यांदाच, स्वच्छ टाइप केलेलं. सुंदर दिसत होतं. त्यांनी त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग दोन्ही कागद एकावर एक नीट ठेवले, कडा जुळवल्या आणि सरांकडे सरकवले.

"विज्ञान तुमचं आहे, ते तुम्ही खरं म्हणा, खोटं म्हणा. फ्लास्क माझा आहे. तो बरोबर होता."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सोडताय?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय, सर. रोज संध्याकाळी समोर बसलेलं असतं."

खाली येऊन त्यांनी भांड्यातली वाफ सोडली, काटा शून्यावर येऊ दिला, टेबल पुसलं, स्टूल टेबलाखाली ढकललं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. थीसिसवाली धावत जिन्यातून आली. "मावशी, उद्या येणार ना?"

"उद्याचं उद्या. तुला साखर कशी उकळायची माहितेय?"

"वेगळी."

"दहा मिनिटं. जास्त नाही. आणि कुणी का विचारलं, तर कारणासकट सांग."

फाटकाबाहेर मालक उभे होते. पत्र येणार म्हणून धुतलेला सदरा घालून आले होते.

"आणलंस?"

"नाही."

"देत नाहीत?"

"देत होते. चूक माझी म्हणून लिहून मागत होते."

"आणि तू एवढीशी गोष्ट लिहून दिली नाहीस."

"नाही."

"कठीण बाई आहेस तू." त्यांनी मावशींच्या हातातली डब्याची पिशवी घ्यायला हात पुढे केला. हात कापत होता, पिशवीचा बंद दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मावशींनी तो त्यांच्या बोटांत नीट अडकवून दिला, आणि त्या पुढे निघाल्या. ऊन उतरलं होतं, रस्ता सरळ होता. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. चालही नेहमीचीच, ना घाईची ना रेंगाळणारी.

थीसिसवाली फाटकाशी उभी राहून त्यांना वळणापर्यंत उघड उघड बघत होती. वर सरही बघत होते, खिडकीच्या पडद्याआड लपून. पडदा पातळ आहे आणि खोलीतला दिवा चालू आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.